दोन हजारांच्या आत घरच्या कॉफीसाठी काय घ्यावं? मशीन, मोका पॉट की साधा फिल्टर

पेठेतली_सून (सातारा)

नमस्कार सगळ्यांना. वाचते बरेच दिवस, प्रश्न पहिल्यांदाच टाकतेय. थोडा लांबलाय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही साताऱ्यात राजवाड्याजवळ राहतो, घरात चार माणसं, मी, मिस्टर, सासूबाई आणि अण्णा म्हणजे सासरे. आमच्याकडे कॉफी म्हणजे आजवर दुधात चमचाभर इन्स्टंट, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. मागच्या महिन्यात बहिणीकडे बंगळूरला आठ दिवस राहिलो, तिच्याकडे रोज सकाळी स्टीलच्या फिल्टरची कॉफी असायची, आणि आल्यापासून घरची कॉफी म्हणजे नुसतं कडवट गरम दूध लागतंय. मिस्टरांचंही तेच म्हणणं.

तर आता घरी करायचीच आहे. बजेट २००० च्या आत, त्यात पहिली पावडर पण बसली पाहिजे. ऑनलाइन चार गोष्टी दिसतात, विजेवरचं ड्रिप मशीन दीड हजाराच्या आसपास, काचेचा फ्रेंच प्रेस, म्हणजे पावडर पाण्यात मुरवून वरून जाळी खाली दाबायची ते भांडं, सात-आठशे, अ‍ॅल्युमिनियमचा मोका पॉट हजाराच्या आतबाहेर आणि स्टीलचा फिल्टर चारशेच्या आत. माझं मन मशीनकडे जातंय कारण बटण दाबलं की झालं, मला सकाळी सातला घर सोडावं लागतं, डबे, पाणी भरणं, सगळं त्याच्या आधी.

अडचणी दोन आहेत. एक म्हणजे आमच्याकडे दूध म्हशीचं, गवळ्याकडचं, चांगलं दाट, आणि बहिणीकडे गाईचं होतं. दुसरी म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी अण्णांना दूध-साखर कमी करायला सांगितलंय, ते आता कोरी कॉफी पितात, तीही इन्स्टंटच, आणि औषध घेतल्यासारखी पितात ते मला बघवत नाही. त्यांना कॉफीची फार आवड. आमची दुधाची आणि त्यांची कोरी, दोन्ही एकाच भांड्यात चांगल्या होतील असं काही आहे का? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज, जाहिराती वाचून झाल्यात.

मिरज_जंक्शन

ताई, तुमच्या दुधाच्या कॉफीला डोळे झाकून स्टीलचा फिल्टर घ्या, एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. माझी आई धारवाडची, लग्नात पितळी फिल्टर घेऊन आली, तो अजून माळ्यावर आहे, रोजच्याला स्टीलचा. त्यात बिघडायला काहीच नाही, रबर नाही, वायर नाही, काच नाही.

तुमची सातची घाई आहे ना, उलट त्यासाठीच फिल्टर बरा. आमच्याकडे रात्री जेवणं झाली की आई फिल्टर लावते आणि सकाळी खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार असतं, सकाळी फक्त दूध तापवायचं. दोन-तीन कपांना साधारण २० ग्रॅम पावडर, म्हणजे तीन चमचे चांगले भरून, आणि १२० मिली पाणी. हातात ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन येतं कारण पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते. पावडर वरच्या भांड्यात टाकून नुसती सारखी करा, ती दांडीची चकती ठेवताना दाबू नका, नव्या माणसाची चूक इथेच होते, दाबलं की थेंबही खाली येत नाही आणि मग म्हणतात फिल्टर खराब. आधी दोन चमचे गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबा, पावडर फुगते, मग बाकीचं पाणी हळूहळू गोल फिरवत घाला आणि झाकण ठेवून विसरून जा. निदान वीस मिनिटं तरी लागतातच.

डिकॉक्शन परत उकळायचं नाही. गॅसवर ठेवलं की सुगंध गेला आणि नुसता कडूपणा राहिला. दूध उकळतं घ्या, त्यात डिकॉक्शन घाला.

म्हशीच्या दुधाचा मुद्दा मात्र खरा आहे. गाईच्या दुधात साय-तूप साडेतीन-चार टक्के, म्हशीच्यात सहा-सात, कॉफी त्याखाली दबते. चौथा हिस्सा पाणी घालून तापवा आणि पावडर चिकोरीवाली घ्या. लोक चिकोरीला भेसळ म्हणून नावं ठेवतात पण तसं नाहीये, ती एका झाडाचं मूळ भाजून केलेली असते, तिच्यात कॅफीन नसतं आणि ती पाण्यात जास्त उतरते म्हणून डिकॉक्शन दाट, काळं होतं. पाकिटावर टक्केवारी छापावीच लागते, मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के पाहिजे असा नियम आहे. तुम्ही ८०-२० किंवा ७०-३० बघा. ५१-४९ वालं स्वस्त मिळतं, ते घेऊ नका, त्याला काढ्याची चव येते.

कृष्णाकाठ_विश्रामबाग

मशीनबद्दल मी सांगतो कारण दोन वर्षं वापरलंय. सांगलीत घरी, सव्वाशे-दीडशे मिलीचे सहा कप होणारं, तुमच्या बजेटमधलंच. कंपनीचं नाव घेत नाही, स्वस्तातली बहुतेक सगळी एकाच पद्धतीची असतात.

मशीन काय करतं ते आधी बघा. मागच्या टाकीतलं पाणी खालच्या हीटिंगच्या नळीतून गरम होऊन वर चढतं आणि पावडरवर पडतं, खाली काचेचं भांडं, त्याच्याखाली गरम प्लेट. स्वस्त मशीनमध्ये पहिलं पाणी पुरेसं तापलेलं नसतंच आणि ते एकाच जागी पडतं, मध्ये खड्डा होतो आणि कडेची पावडर जवळजवळ कोरडी राहते. जी कॉफी येते ती पातळ. कोरी प्यायला ठीक, पण दूध घातलं की गायब. मी पावडर दुप्पट करून बघितली, तर फिल्टरमधून पाणी ओसंडून ओट्यावर. आणि ती गरम प्लेट, तिच्यावर वीस मिनिटं भांडं राहिलं की जळका वास येतो. बायको पाच वाजता उठते, मी सात वाजता, माझ्या वाटणीला रोज तीच शिळी जळकी कॉफी.

त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी. आठ-नऊ महिन्यांत नळीत क्षार धरला, आवाज करायला लागलं, एका कपाला दहा मिनिटं. लिंबूसत्व पाण्यात घालून दोनदा फिरवलं की सुटतं, पण ते दर महिन्याला करत बसावं लागतं. तुमच्याकडे कासचं पाणी येत असेल तर हा त्रास कमी होईल, ते तळ्यातलं पावसाचं मऊ पाणी. तरी वीज गेली की कॉफी गेली हे आहेच.

पाहुणे दहा जण आले तर मशीन चांगलं, एवढंच मी त्याच्या बाजूने बोलू शकतो. रोजच्या तीन कपांना नको.

कराडकर_९९

मी मोका पॉटवाला. हॉस्टेलला असल्यापासून वापरतोय, पाच वर्षं झाली, म्हणून लिहितो. फिल्टर छान आहे पण आत्ता प्यायची इच्छा झाली तर अर्धा तास कोण थांबणार, मोका पाच मिनिटांत होतो आणि फिल्टरच्या डिकॉक्शनइतकाच दणकट, म्हशीच्या दुधाला पण पुरतो.

इटलीत १९३३ पासून हे भांडं आहे, अल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातलं, आठ कोनी. खाली पाणी, मध्ये पावडरची चाळणी, पाणी तापलं की खालच्या भांड्यात दाब होतो आणि तो पाण्याला पावडरमधून वर ढकलतो. लोक त्याला एस्प्रेसो म्हणून विकतात, तसं नाही, एस्प्रेसोला ९ बार दाब लागतो आणि इथे एक-दीड बार असतो.

घेणार असाल तर या गोष्टी बघा. अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा लागतो आणि तो महाग आहे. गॅसच्या शेगडीवर छोटा पॉट नीट बसत नाही, बूड लहान, कलंडतो, वर ठेवायला जाळी लागते, भांड्यांच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळते, ती त्याच दिवशी घ्या. खाली थंड पाणी घालू नका, आधीच गरम केलेलं घाला, नाहीतर पाणी तापेपर्यंत पावडर भांड्याच्या उष्णतेने करपते. पाणी त्या पितळी व्हॉल्व्हच्या खालीच राहिलं पाहिजे, व्हॉल्व्ह बुडवायचा नाही, तो सुरक्षेसाठी आहे. पावडर चाळणीत दाबून भरायची नाही. गॅस बारीक, आणि खरखर आवाज यायला लागला की लगेच बंद, शेवटचं जे फेसाळ पिवळं येतं ते कडू असतं. साबणाने घासू नका, पाण्याने धुवून कोरडा करून ठेवा. वर्षा-दीड वर्षाने रबर बदलावं लागतं, हा एक खर्च धरा.

आणि तीन कपांचा मोका म्हणजे तीन छोटे इटालियन कप बरं का, आपल्या हिशोबाने दुधाच्या दोन कपांची कॉफी. बऱ्याच जणांची इथे फसगत होते, मापं बघून घ्या.

वाईची_मावशी

अगं बाळा, यातलं काही नसताना पण आम्ही कॉफी केलीच की. माझ्या आजेसासूबाई वाईला घाटाजवळच्या घरात करायच्या ते सांगते. भांड्यात पाणी उकळायचं, गॅस बंद, नाहीतर चूल असेल तर खाली उतरवायचं, मग कॉफीची पूड घालायची आणि झाकण. पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग मलमलच्या ओल्या फडक्यातून गाळायची. फडकं कॉफीचं वेगळं, त्याला साबण लावायचा नाही, नुसतं गरम पाण्यात पिळून वाळवायचं. दूध, साखर आणि जायफळ, जायफळ कपात किसायचं, उकळत्या दुधात नाही, उकळलं की उग्र होतं.

पूड चांगली असली तर ही कॉफी कुठल्याही यंत्राला ऐकत नाही. तू आधी पाव किलो चांगली पूड आण, आठ दिवस अशी करून बघ आणि मग ठरव पैसे कशावर घालायचे ते. अण्णांना पण हीच कोरी दे.

तासगाव_मेडिकल

मावशींचा मान राखून एक सांगतो, दुधाच्या कॉफीचं त्यांचं सगळं पटलं पण अण्णांच्या कॉफीबद्दल थांबा. मी अठरा वर्षं औषधांच्या दुकानात आहे आणि हा विषय रोज येतो.

कॉफीच्या बीमध्ये तेल असतं, त्यात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे दोन घटक असतात आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते वाढवतात. उकळून केलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत हे सगळ्यात जास्त उतरतात, कारण पूड पाण्यात बराच वेळ मुरते आणि मध्ये फक्त जाळी असते, तेल जाळीतून सरळ खाली जातं. कागदाच्या फिल्टरमध्ये मात्र ते बहुतेक सगळं अडकतं. इन्स्टंटमध्ये हे घटक अगदी नगण्य असतात. म्हणजे बघा, अण्णा आत्ता जी बेचव कॉफी पितायत ती या बाबतीत निर्धोक आहे, आणि आपण प्रेमाने त्यांना फ्रेंच प्रेस आणून दिला आणि त्यांनी दिवसाला चार कप प्यायली तर रिपोर्ट बिघडायला मदत होईल. तुमच्या प्रश्नातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली म्हणून लिहितोय. दिवसाला किती कप चालतील ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते मी सांगणार नाही.

तेव्हा माझं मत, एकच भांडं शोधू नका. तुम्हा दोघांना स्टीलचा फिल्टर आणि अण्णांना प्लास्टिकचा कोन, त्यात कागदाचा फिल्टर. कपावर ठेवायचा, पावडर घालायची, वरून पाणी ओतायचं, झालं. प्लास्टिकचा तीन-चारशेपर्यंत मिळतो, शंभर कागद दोन-अडीचशेला. कागदाची युक्ती जर्मनीत १९०८ साली मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने काढली, पितळी भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला होता तिने. कॉफीतला गाळ आणि कडूपणा तिला नको होता, कोलेस्टेरॉलचं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

एका माणसाला १५ ग्रॅम पावडर, २४० मिली पाणी. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्या, कागदाचा वास जातो. मग ३०-४० मिली पाणी, अर्धा मिनिट थांबा, मग बाकीचं तीन-चार वेळा करून ओता. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास उतरलं पाहिजे. पटकन उतरलं तर पावडर जाड आहे, पाच मिनिटं लागली तर बारीक.

पेठेतली_सून (सातारा)

बापरे, कोलेस्टेरॉलचं हे मला अजिबात माहीत नव्हतं, आणि मी फ्रेंच प्रेस कार्टमध्ये टाकला होता अण्णांसाठीच. काढला. मेडिकलवाले दादा, मनापासून आभार.

मावशी, तुमच्या पद्धतीने काल केली, चिरमुऱ्यांच्या डब्यावरचं मलमलचं फडकं घेतलं, सासूबाईंना फार आवडली, त्या म्हणाल्या माझ्या माहेरी अशीच असायची.

आता तीन शंका. फिल्टरची आणि कोनाची पावडर एकच चालेल का? बी आणून घरी मिक्सरला दळू की तयार घेऊ? आणि पाणी खळखळतं ओतायचं की थांबायचं, प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात.

मिरज_जंक्शन

एकच चालणार नाही. कोनात चिकोरीवाली घातली तर कागद तुंबतो, अण्णांची बिनचिकोरीची, मध्यम दळलेली, रव्यासारखी. फिल्टरची त्याहून बारीक, पण पिठासारखी नाही. दुकानदाराला फिल्टरसाठी, कागदासाठी असं सांगा, तो मशीन त्या नंबरला लावतो. त्यांच्या भाषेत प्लांटेशन ए म्हणजे पाण्याने धुऊन गर काढलेली अरेबिका जातीची कॉफी, पीबी म्हणजे एकदाणा गोल बी. अण्णांना प्लांटेशन ए द्या, मऊ असते. रोबस्टा ही दुसरी जात, तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, ती दुधाच्या कॉफीत थोडी असली तर फेस आणि जोर येतो, कोरी कडू लागते.

दळून आणलेली पावडर एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच घ्या, पंधरा दिवसांत संपेल एवढी. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर जास्तच सांभाळा, हवा लागली की दोन दिवसांत ओलसर गोळा होतो. घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा, फ्रिजमध्ये नको, बाहेर काढलं की दव धरतं.

कृष्णाकाठ_विश्रामबाग

दळण्याबद्दल माझा अनुभव. मिक्सरच्या छोट्या भांड्यात दळता येते पण ते भांडं मसाल्याचं नको, कितीही धुवा, जिरं-लवंगेचा वास कॉफीला लागतोच. आणि सलग फिरवू नका, दोन सेकंद, थांबा, हलवा, परत दोन सेकंद, असं सात-आठ वेळा. सलग फिरवलं की पात्याने पावडर गरम होते आणि अर्धी पीठ, अर्धी कणी अशी येते. फिल्टरला हे चालून जातं, कोनाला नाही, पीठ कागदात बसतं आणि कणीतून पाणी नुसतं पळतं. आमच्याकडे एकाने हळदीच्या कांडपावर कॉफी दळून आणली होती, पाव किलो बी वाया गेलं, कप पिवळा. तुम्ही दळूनच घ्या, पुढे वाटलं तर हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, सपाट पात्याचा नको, दात्यांचा, जात्यासारखा भरडणारा.

कराडकर_९९

पाण्याचं मी सांगतो. कॉफीला ९० ते ९६ अंश पाणी लागतं असं मानतात. समुद्रसपाटीला पाणी १०० ला उकळतं आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतं, सातारा सातशे मीटरच्या वर आहे म्हणजे तुमच्याकडे पाणी ९७-९८ लाच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलात की बरोबर. थर्मामीटर वगैरे घेण्यात पैसे घालू नका. महाबळेश्वरला मावशीकडे गेलो की मी थांबतच नाही, तिथे उकळतंच ९५-९६ ला.

आणि आरओचं पाणी असेल तर एकदा साध्या नळाच्या पाण्याने करून बघा. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी उरतात, कॉफी सपक लागते. बोअरच्या जड पाण्यात पण सपकच, मधलं पाहिजे.

पेठेतली_सून (सातारा)

दहा दिवसांनी लिहितेय, मुद्दाम थांबले, वापरल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

स्टीलचा फिल्टर मोती चौकाजवळ भांड्यांच्या दुकानात ३५० ला मिळाला, कोन आणि शंभर कागद ऑनलाइन मागवले, दोन्ही मिळून ५८०. पावडर मिस्टरांनी मिरजेच्या गाडीने येताना आणली, आमची ८०-२० आणि अण्णांची बिनचिकोरीची, दीडशे-दीडशे ग्रॅम. सगळं मिळून तेराशेच्या आत.

पहिल्या रात्री मी चकती दाबलीच, सवयीने, सकाळी खाली चार थेंब. दुसऱ्या दिवसापासून नुसती ठेवते, उतरतं नीट. म्हशीच्या दुधात चौथा हिस्सा पाणी आम्हाला जास्त वाटलं, पाचवा हिस्सा घातला आणि डिकॉक्शन कपाला तीन मोठे चमचे, हे जमलं. सकाळी आता दूध तापायला लागतो तेवढाच वेळ.

अण्णांची कॉफी पहिले दोन दिवस मी केली, आंबटसर लागते म्हणाले. मग तासगावच्या दादांनी सांगितलं होतं ते आठवलं, घड्याळ लावून बघितलं तर दीड मिनिटातच उतरत होती, पावडर जाड होती. मिक्सरच्या नव्या भांड्यात दोनदा नुसती टचकन फिरवली, तर पावणेतीन मिनिटं लागली आणि चव एकदम बदलली, आंबटपणा गेला, शेवटाला गुळासारखं काहीतरी लागतं असं अण्णा म्हणतात. आता ते मला करूच देत नाहीत. सकाळी साडेसहाला टेबलावर कोन, वाटी, चमचा, घड्याळ असं मांडून बसतात आणि पाणी ओततात, गडबड करू नका म्हणतात. डॉक्टरांनी दोन कप सांगितलेत, दुसरा चार वाजता. पेपर आला तरी पहिला कप होईपर्यंत उघडत नाहीत.

सासूबाईंची मात्र मावशींच्या पद्धतीचीच, फडक्यातली, वर जायफळ. त्यांनी फिल्टरची दोनदा प्यायली आणि तुमची तुम्हाला राहू दे म्हणाल्या.

एकच विचारायचं राहिलं, फिल्टरच्या वरच्या भांड्याची तीन-चार भोकं बंद दिसतायत उजेडात धरलं की. सुईने काढू का?

मिरज_जंक्शन

सुई नको, भोकं मोठी होतात आणि मग पूड खाली येते. वरचं भांडं कोरडं करून चिमट्यात धरून बारीक गॅसवर अर्धा मिनिट धरा, अडकलेली पूड जळून जाते, मग थंड झाल्यावर मऊ ब्रशने घासा. स्टीलचं आहे म्हणून चालतं, दांड्याला प्लास्टिक असेल तर ते आधी काढा. महिन्यातून एकदा पुरे.